ऑटो लिलिएन्थाल

हवेत उडण्याची हाव मनुष्यास पुरातन काळापासून आहे. परंतु सुखरूप खाली येणे हेच खरे कठीण. हे ज्याने स्वतःच्या देहावर अनुभवले, त्या ऑटो लिलिएन्थालची हकीकत आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

त्याचा जन्म ता. २३ मे १८४८ रोजी जर्मनीतील आंक्लाम गावी झाला. लहानपणी तो व धाकटा बंधु गुस्ताव करकोच्यांचे उड्डाण तासन् तास न्याहाळीत. हा पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतो, हे त्या मुलांनी तेव्हाच हेरले. पुढे तो इंजिनियर झाला, बर्लिनमध्ये त्याने कारखाना काढला व १८८९ साली पक्ष्यांच्या उड्डाणावर ग्रंथ लिहिला. १८९१ पासून विलोच्या काठ्यांवर कापड ताणून केलेल्या पंखांनिशी तो टेकड्यांवरून झेपावू लागला.

टेकडीचा उतार एका दिशेस, आणि वारा तर लहरी! बाजूने झोत आला की एक पंख उचलला जाई व यंत्र कलंडे. तोल सावरावयाचा तो आपले अंग झोकूनच. अशा वेळी घाबरलेला मनुष्य साहजिकच खाली गेलेल्या बाजूस, जमिनीकडे पाय टाकतो. त्याने ती बाजू अधिकच खचते. पाय टाकावयाचे ते वर गेलेल्या पंखाकडे. ही सवय अंगी बाणण्यास केवढे धैर्य लागले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. अखेर १८९४ साली त्याने बर्लिननजीक लिख्टरफेल्ड येथे सुमारे ५० फूट उंचीची शंकूसारखी टेकडीच रचविली. वारा कोणीकडूनही येवो, त्यास सामोरे होऊन उडी घेता यावी, हा हेतु. उतरतानाही तो पंखांची पुढली कड उचलून वेग मोडी व पायांवर अलगद टेके.

आजच्या वैमानिकास धावपट्टी अशी फिरविता येत नाही. तो वाऱ्याकडील पंख किंचित झुकवितो व सुकाणूने विमानाचे नाक पट्टीच्या रेषेत धरतो. वाऱ्याचा सारा जोर आडवा लागत नाही, हेही ध्यानात ठेवावे: ताशी २० मैलांचा वारा पट्टीशी ३० अंशांचा कोन करीत असेल, तर आडवा भाग १० मैलांचाच.

लिलिएन्थालने सुमारे दोन हजार उड्डाणे केली. ता. ९ ऑगस्ट १८९६ रोजी श्टोल्न गावानजीक वाऱ्याच्या झोताने त्याचे यंत्र हवेत थबकले व सुमारे ५० फुटांवरून कोसळले. त्याच्या पाठीचा कणा मोडला. दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये त्याने प्राण सोडला. ही वार्ता अमेरिकेत डेटन येथे सायकलींचे दुकान चालविणाऱ्या राइट बंधूंनी वाचली. अंग झोकण्याऐवजी पंखच मुरडून तोल राखण्याची युक्ति त्यांनी १८९९ साली एका पतंगावर करून पाहिली.