संत जोसेफ वाझ : बंदिवासातील प्रार्थना



प्रार्थनेस वेळ मिळत नाही, ही तक्रार आपल्या घरोघरी ऐकू येते. ती सर्वस्वी खोटी नाही. शेत, नोकरी, आजारपण, मुलांचे शिक्षण यांतच दिवस सरतो. तथापि ज्यांस वेळ व स्थळ दोन्ही नाकारण्यात आली, त्यांनी परमेश्वराचा शोध कसा घेतला, हे पाहणे उचित होय.

संत जोसेफ वाझ यांचा जन्म 21 एप्रिल 1651 रोजी गोमंतकातील बाणावली येथे झाला. वडिलांचे घर सांकवाळचे. 1676 साली त्यांस याजकदीक्षा मिळाली, व दुसऱ्याच वर्षी, 5 ऑगस्ट 1677 रोजी, त्यांनी पवित्र मरियेचा दास म्हणून स्वतःस लेखी वाहून घेतले. पुढे कानडा प्रांती सेवा करून ते परतले, आणि 1685 साली जुन्या गोव्याच्या टेकडीवर पवित्र क्रूसाच्या देवळात राहणाऱ्या गोमंतकीय धर्मगुरूंस मिळाले. त्यांनी त्या लहानशा मंडळास संत फिलिप नेरी यांच्या संघाचा नियम लावून दिला. एकत्र प्रार्थना हाच त्या जीवनाचा पाया होता.

परंतु त्यांचे चित्त सिंहलद्वीपाकडे लागले होते. 1658 साली जाफना डचांच्या हाती गेल्यापासून तेथे कॅथलिक धर्मगुरूंस मज्जाव होता. श्रद्धावंत मेंढपाळावाचून राहिले होते. 1687 साली वाझ मजुराच्या वेशाने तेथे उतरले. गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत, आणि जपमाळ पाहून ज्यांची मुद्रा पालटे, त्यांवरून आपली माणसे ओळखीत. दिवस भयाचा असल्यामुळे पवित्र मिस्सा रात्री होई. 1689 च्या नाताळाच्या रात्री डच शिपायांनी जमलेल्या श्रद्धावंतांवर झडप घातली. वाझ बचावले, परंतु उपासनेस येणाऱ्यांस ती रात्र महाग पडली. तरीही लोक येतच राहिले.

1692 साली ते कँडीच्या राज्यात गेले असता पोर्तुगीजांचा हेर समजून राजाने त्यांस बंदीत टाकले. तेथे त्यांनी कुरकुर केली नाही. सिंहली भाषा शिकून घेतली, आणि मोकळीक मिळताच कोठडीच्या आवारात झोपडी उभारून वेदी मांडली. ज्या ठिकाणी सर्व काही हिरावले गेले होते, तेथे वेळ मात्र शिल्लक होता. तो त्यांनी देवास दिला. कालांतराने राजाचा विश्वास बसला व बंधने सुटली. 1697 साली देवीची साथ आली, तेव्हा लोकांनी टाकून दिलेल्या रोग्यांची शुश्रूषा त्यांनी स्वहस्ते केली. वेदीपुढे जुळलेले हात रोग्याच्या अंथरुणापाशीही पोचले.

16 जानेवारी 1711 रोजी कँडी येथे त्यांनी देह ठेवला. 14 जानेवारी 2015 रोजी कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांस संतपद दिले.

हर्सूलच्या कारागृहाची भिंत आपण जाता-येता पाहतो. तिच्या आतील बांधवांसाठी प्रार्थना करा. आणि आपण बाहेर मोकळे आहो, हेही ध्यानी धरा. आपल्या दारी शिपाई उभा नाही, देवळाचे दार उघडे आहे. रात्री निजण्यापूर्वी सर्व कुटुंबाने जपमाळ हाती घेतली, तर अर्धी घटका पुरे. ती आपोआप मिळणार नाही. ती काढून ठेवावी लागेल. संत जोसेफ वाझ आपणासाठी विनंती करोत.