सिनेमा हरवला, गाणं उरलं : ना उन-ग्यू यांची गोष्ट

हल्ली आपल्या घराघरांत कोरियन सिनेमे बघितले जातात. ‘ट्रेन टू बुसान’ लावायचा झोंबींसाठी आणि शेवटी डोळे पुसायचे बाप-लेकीसाठी. ‘पॅरासाइट’मध्ये अर्धा वेळ हसायचं आणि मग एकदम गप्प व्हायचं. विनोद, भीती, मारामारी, रडारड, सगळं एकाच ताटात. ही सवय त्यांना कुठून लागली याचं एकच एक उत्तर नाही. पण त्या सिनेमाच्या मुळाशी जायचं झालं तर एका माणसापाशी थांबावंच लागतं. ना उन-ग्यू. लेखक, दिग्दर्शक आणि नट. ३४ व्या वर्षी गेले.

त्यांचा जन्म २७ ऑक्टोबर १९०२ चा, होइर्योंग गावातला. हे गाव कोरियाच्या अगदी उत्तर टोकाला, तुमेन नदीच्या काठावर. नदी ओलांडली की चीनचा मांचुरिया. सीमेवरच्या गावात नदी म्हणजे नुसतं पाणी नसतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पोट भरत नाही म्हणून, पोलीस मागे लागले म्हणून किती कोरियन कुटुंबं ती नदी ओलांडून पलीकडे गेली. ते सात वर्षांचे होते तेव्हा, १९१० मध्ये, जपानने कोरिया गिळला. त्याच सुमारास गावाकडे रेल्वेचं काम चाललं होतं आणि दक्षिणेकडून आलेले मजूर रूळ टाकता टाकता एक गाणं म्हणत. ‘आरिरांग’ म्हणजे प्रियजन डोंगराची खिंड ओलांडून निघून जाण्याचं जुनं लोकगीत. पोराच्या कानात ते बसलं.

१९१९ च्या मार्चमध्ये कोरियाभर स्वातंत्र्याची निदर्शनं झाली. शाळकरी ना त्यात होते. मग पळापळ. मांचुरिया, रशियाची हद्द, स्वातंत्र्यसैनिकांशी संबंध आणि शेवटी अटक. सुमारे दोन वर्षं तुरुंगात काढली. तिथेच एका सहकैद्याने त्यांना ‘चुनसा’ हे टोपणनाव दिलं. आज कोरियात त्या नावाने चित्रपट पुरस्कार दिले जातात.

सुटल्यावर ते एका नाटक मंडळीत शिरले, तिथून बुसानच्या सिनेमा कंपनीत. १९२५ मध्ये पडद्यावर पहिलं काम मिळालं ते पालखीच्या भोयाचं. त्याच वर्षी पुढच्या सिनेमात आंधळ्या बापाची भूमिका मिळाली. बुटकासा, चेहऱ्याने काही देखणा नाही, पण लोकांनी नाव विचारायला सुरुवात केली.

१ ऑक्टोबर १९२६ हा दिवस नीट लक्षात घ्या. सेऊलमध्ये जुन्या राजवाड्याच्या आवारात जपानी गव्हर्नर-जनरलच्या भव्य कचेरीचं त्या दिवशी उद्घाटन होतं. त्याच दिवशी त्याच शहरातल्या दानसुंगसा थिएटरात ‘आरिरांग’ लागला. लेखन आणि मुख्य भूमिका ना यांची, दिग्दर्शनही त्यांचंच मानलं जातं. वय २३. कंपनी जपानी व्यापाऱ्याची, कागदोपत्री दिग्दर्शक म्हणून नाव जपानी माणसाचं. त्यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

गोष्ट अशी. योंग-जिन नावाचा शिकलेला तरुण वेडा होऊन गावी परतलेला. बाप कर्जात. जमीनदाराचा हस्तक गी-हो त्याच्या बहिणीवर डोळा ठेवून. सुगीच्या उत्सवात गाव नाचत असताना गी-हो घरात शिरतो. इकडे वेड्याच्या डोळ्यांसमोर वाळवंट उभं राहतं : तहानेने मरायला टेकलेलं जोडपं आणि पाण्याच्या बदल्यात बाई मागणारा व्यापारी. तो कोयता चालवतो. भान येतं तेव्हा समोर गी-होचं प्रेत. वेड गेलं, हातात बेड्या आल्या. पोलीस त्याला खिंडीपलीकडे घेऊन जातात आणि मागे गाव गात राहतं.

एकाच पटात कौटुंबिक रडकथा, स्वप्न, मारामारी, गाणं आणि राजकारण. मला वाटतं, ही सरमिसळ हौसेची नव्हती. सरळ बोलायची सोय नव्हती. वेड्या माणसाच्या तोंडाला सेन्सॉर कात्री तरी किती लावणार? मूकपटाच्या पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणाऱ्याला तिकडे ‘प्योन्सा’ म्हणत. थिएटरात पोलिसासाठी राखीव जागा असे, आणि पोलीस उठून गेला की प्योन्साची भाषा बदलायची म्हणे. गाण्याच्या पत्रकांतलं एक कडवं खटकलं म्हणून ती पत्रकं जप्त झाली. पण गाणं कुठून जप्त करणार? लोक थिएटरात गायले, बाहेर पडूनही गायले. आज जगाला माहीत असलेली ‘आरिरांग’ची चाल ती या सिनेमातली.

जाता जाता एक आठवण. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ १९२५ चा. कर्जात बुडालेला शेतकरी दोन मुलखांत वर्षाच्या अंतराने पडद्यावर आला, आणि दोन्हीकडे राज्य परक्यांचं.

पुढची तीन वर्षं ना यांनी धडाका लावला. साहसपट, प्रेमकथा, कादंबरीछाप करुणपट, सगळं केलं. १९२७ मध्ये स्वतःची कंपनी काढली. ‘शेतातला उंदीर’ सेन्सॉरच्या तावडीत सापडला. नदीपलीकडे जाणाऱ्या कोरियनांवरच्या सिनेमाचं नाव होतं ‘तुमेन नदी ओलांडताना’. ते चालणार नाही म्हटल्यावर १९२८ मध्ये तो ‘प्रेमाच्या शोधात’ म्हणून लागला. म्हणजे नदीचं नाव घ्यायचीसुद्धा चोरी!

पैसा हातात टिकत नव्हता. दारू होती, भानगडी होत्या, सहकारी वैतागून निघून गेले. १९२९ च्या ‘मुका साम-र्योंग’नंतर कंपनी बुडाली. मग त्यांनी एका जपानी नटाच्या कंपनीत काम केलं आणि ‘आरिरांग’वाल्याने हे करावं का म्हणून टीकाकारांनी झोडपलं. पोटासाठी नाटकांतही फिरले. १९३२ मध्ये ली ग्यू-ह्वान यांच्या ‘मालक नसलेली होडी’त नावाडी झाले. पूल होतो, नावाड्याची रोजी जाते. गेलेला मान त्या भूमिकेने बराचसा परत आणला.

तोवर क्षयाने पोखरलं होतं. १९३६ चा बोलका ‘आरिरांग भाग ३’ पडला. १९३७ चा ‘ओ मोंग-न्यो’ मात्र टीकाकारांनी वाखाणला. तोच शेवटचा. ९ ऑगस्ट १९३७ रोजी सेऊलमध्ये त्यांचं निधन झालं.

नंतर देशाचे दोन तुकडे झाले. होइर्योंग उत्तरेत, दानसुंगसा दक्षिणेत. ना दोघांनाही हवे आहेत. १९९१ मध्ये जपानच्या चिबा शहरातल्या टेबल टेनिस विश्वस्पर्धेत दोन्ही कोरियांचा एक संघ उतरला, तेव्हा राष्ट्रगीताच्या जागी ‘आरिरांग’ वाजलं. युनेस्कोच्या वारसा यादीत ते दोनदा आहे : २०१२ ला दक्षिणेचं, २०१४ ला उत्तरेचं.

आणि सिनेमा? त्याची प्रत आज कुठेच नाही. ओसाकातल्या एका संग्राहकाने आपल्याकडे आहे असं सांगितलं होतं. कोरियन मंडळी वर्षानुवर्षं त्यांचे उंबरे झिजवत राहिली. २००५ मध्ये ते वारले. संग्रह जपानच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे गेला, डबे उघडून पाहिले गेले, ‘आरिरांग’ त्यात नव्हता.