मिल : स्वातंत्र्याचा तत्त्वज्ञ, कंपनीचा कारकून

राज्यशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात जॉन स्टुअर्ट मिल दोन-तीन पानांत आटोपतो. उपयुक्ततावाद, व्यक्तिस्वातंत्र्य, प्रातिनिधिक शासन. परीक्षेला एवढे पुरते. पण हा माणूस पस्तीस वर्षे लंडनच्या एका कचेरीत बसून ज्या देशाच्या कारभाराचे कागद लिहीत होता तो देश आपला होता, हे पुष्कळांच्या ध्यानीही नसते.

मिलचा जन्म २० मे १८०६ चा. वडील जेम्स मिल हे बेंथॅमचे कट्टर अनुयायी. हिंदुस्थानात एकदाही पाऊल न टाकता त्यांनी हिंदुस्थानचा जाडजूड इतिहास लिहिला, आणि पुढे १८१९ साली ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी मिळविली. मुलाला त्यांनी शाळेत धाडलेच नाही. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन, बाराव्या वर्षी तर्कशास्त्र! शिवाय नऊ भावंडांतला हा थोरला. शिकलेले धाकट्यांना शिकवायचे आणि ती चुकली की बोलणी यानेच खायची. खेळगडी असे कोणी नव्हतेच. मार्कांच्या मागे लावलेली आपल्याकडची मुले पाहिली की मला हा मुलगा आठवतो.

सतराव्या वर्षी तो वडिलांच्याच हाताखाली कंपनीत कारकून झाला. विसाव्या वर्षी मात्र सारे कोसळले. आपल्याला हव्या असलेल्या सगळ्या सुधारणा या क्षणी घडून आल्या तर आपण सुखी होऊ काय, असे त्याने स्वतःला विचारले आणि मन नाही म्हणाले. कित्येक महिने तो आतून विझल्यासारखा कामे करीत राहिला. मग मार्मोंतेल या फ्रेंच लेखकाच्या आठवणींत वडिलांच्या मृत्यूचा प्रसंग वाचताना त्याला रडू कोसळले, आणि त्या रडण्यानेच तो सावरला. पुढे वर्डस्वर्थच्या कवितेने उरलेले काम केले. माणूस साच्यातून काढता येत नाही, हे त्याला पुस्तकातून नव्हे, स्वतःच्या हालांतून कळले होते.

१८३० साली त्याला हॅरिएट टेलर भेटली. ती विवाहित होती, दोन मुलांची आई होती. दोघांच्या स्नेहावरून लंडनमध्ये खूप बोलले गेले. टेलर १८४९ मध्ये वारला आणि १८५१ मध्ये या दोघांनी लग्न केले. त्या काळच्या इंग्लिश कायद्याने पत्नीच्या मालमत्तेवर नवऱ्याचा हक्क चाले. लग्नाआधी मिलने कागद लिहून ते सारे हक्क आपण नाकारीत असल्याचे जाहीर केले. कायद्यापुढे त्या कागदाला किंमत नव्हती. तरीही त्याने तो लिहिला.

नोव्हेंबर १८५८ मध्ये फ्रान्समध्ये आव्हीन्यों येथे हॅरिएट वारली. दोघांनी मिळून घासूनपुसून तयार केलेला स्वातंत्र्यावरील ग्रंथ पुढच्याच वर्षी तिला अर्पण होऊन निघाला. जुलूम केवळ राजा करतो असे नाही. बहुमत करते, शेजारीपाजारी करतात, रूढी करते. दुसऱ्याला इजा होत असेल तेवढ्यापुरताच समाजाने व्यक्तीला अडवावे, आणि एकट्याचे मतही दडपू नये, हे त्याचे सार.

पण याच ग्रंथाच्या आरंभी एक अपवाद आहे. हे तत्त्व प्रगत समाजांसाठी. मागासलेल्या लोकांना, त्यांचे भले करणारी असेल तर, हुकूमशाहीच योग्य. हा अपवाद कोणासाठी, हे सांगायला नको. कंपनीसाठी त्याने सुमारे १७०० खलित्यांचे मसुदे लिहिले, आणि १८५८ मध्ये तिचे राज्य जाऊ लागले तेव्हा तिच्या बचावाचा अर्जही त्यानेच लिहिला. एवढे मात्र खरे की १८३६ मध्ये मेकॉलेच्या शिक्षणधोरणाविरुद्ध त्याने मसुदा केला होता. वरिष्ठांनी तो फेटाळला. काळच तसा होता म्हणून हा डाग पुसता येतो असे मला वाटत नाही. गंमत अशी की अपवादात ढकललेल्या याच देशात, आपल्या पुण्यात, आगरकरांनी मिल वाचला. अपवाद बाजूला ठेवून त्यांनी मूळ तत्त्वच उचलले आणि १८८८ पासून ‘सुधारका’तून ते घरातल्या रूढींवर चालविले.

१८६५ मध्ये मिल पार्लमेंटात निवडून आला. निवडणुकीत कामगारांच्या सभेत त्याला विचारण्यात आले, की इथले कामगार बहुधा खोटे बोलतात असे आपण लिहिले आहे काय? त्याने सरळ होकार दिला, आणि सभेने टाळ्या वाजवल्या! जमैकातील बंड निर्घृणपणे चिरडणाऱ्या गव्हर्नर आयरवर खटला व्हावा म्हणून तो झगडला. १८६७ मध्ये मताधिकाराच्या विधेयकात ‘पुरुष’ या शब्दाच्या जागी ‘व्यक्ती’ हा शब्द घालण्याची उपसूचना त्याने मांडली. बाजूने ७३ मते पडली, विरुद्ध १९६. पुढच्या वर्षी तो निवडणूक हरला.

आव्हीन्योंला हॅरिएटच्या कबरीजवळ त्याने घर घेतले होते. शेवटची वर्षे सावत्र मुलगी हेलन हिच्यासोबत बरीचशी तिथेच गेली. रानोमाळ हिंडून वनस्पती गोळा करण्याचा त्याला जुना नाद होता. मे १८७३ च्या आरंभी कीटकशास्त्रज्ञ फाब्रबरोबर तो असाच लांबवर फिरून आला, आणि काही दिवसांतच, ७ मे रोजी, वारला. त्याला हॅरिएटशेजारीच पुरले.