कै. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें घर

ज्यांचीं भजनें महाराष्ट्रांतील ख्रिस्ती मंडळी मोठ्या भक्तिभावानें गात आली आहे, ते कै. टिळक आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हते. तथापि मेहकरच्या धर्मग्रामाच्या या महोत्सवप्रसंगीं त्यांच्या घराची गोष्ट सांगणें अनुचित होणार नाहीं. कवि टिळक सर्वांस ठाऊक आहेत. गृहस्थ टिळक तितकेसे ठाऊक नाहींत.

त्यांचा जन्म ता. ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं झाला. १८८० सालीं जलालपूरच्या गोखल्यांची अकरा वर्षांची मनकर्णिका लक्ष्मीबाई होऊन त्यांच्या घरीं आली. संसार सुरळीत असा कधींच नव्हता. स्वभाव तापट, हात उदार, आणि पाय एका गांवीं ठरत नसे! नागपुरास आप्पासाहेब बुटींच्या आश्रयानें त्यांनीं विद्याव्यासंग केला. पुढें राजनांदगांवीं जातांना आगगाडींत एका मिशनरी गृहस्थानें त्यांस पवित्र शास्त्र दिलें, आणि ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ही वार्ता घरीं पोहोंचली तेव्हां काय आकांत झाला असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. पति हयात असतां लक्ष्मीबाईंस वैधव्याहून कठीण दिवस आले. लहानगा दत्तू पदराशीं होता. टिळकांची खरी थोरवी मला येथें दिसते. त्यांनीं दुसरा विवाह केला नाहीं, पत्नीवर धर्माची सक्ती केली नाहीं. ते वाट पाहत राहिले. कांहीं वर्षांनीं लक्ष्मीबाई नगरकडे आल्या, त्या आपलें सोंवळें घेऊनच. वेगळी चूल, वेगळें पाणी. टिळकांनीं तेंहि मानलें. अखेर १९०० सालीं लक्ष्मीबाईंनीं स्वतःच्या खात्रीनें बाप्तिस्मा घेतला. तापट मनुष्याचा हा धीर सामान्य नव्हे.

मग त्या घरास दारच उरलें नाहीं म्हणावयाचें. दुष्काळांत निराधार झालेलीं मुलें आलीं. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवि, पोटच्या मुलासारखे तेथें वाढले. ता. ५ मे १९१८ रोजीं भादली स्टेशनाजवळ आगगाडीखालीं सांपडून बालकवि अकस्मात् गेले.

टिळकांनीं १९१७ सालीं मिशनचें वेतन सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला होता. तो अद्याप बाल्यावस्थेंतच असतां, बालकवींस वर्ष होतें न होतें तोंच, ता. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस टिळकांनींहि देह ठेविला. वय अवघें ५७ वर्षांचें. ‘ख्रिस्तायन’ महाकाव्याचे दहा-अकराच अध्याय झाले होते.

तें काव्य लक्ष्मीबाईंनीं हातीं घेतलें. ज्यांस शाळेचें शिक्षण नव्हतें, त्यांनीं साठांहून अधिक अध्याय रचिले. ता. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्याहि निवर्तल्या. उरलेला शेवटचा अध्याय पुत्र देवदत्त यांनीं लिहिला, आणि १९३८ सालीं ‘ख्रिस्तायन’ छापून बाहेर पडलें.