लब्लां नावामागची सोफी

मैत्रिणींनो, मुलींना गणित जमत नाही, हा समज काही फक्त आपल्याकडचा नाही. दोनशे वर्षांपूर्वी पॅरिससारख्या शहरातही तो होताच. त्याला न जुमानता जन्मभर संख्यांचा ध्यास घेतलेल्या सोफी जर्मेनची ही गोष्ट.

सोफीचा जन्म १ एप्रिल १७७६ चा. वडील रेशमाचे व्यापारी, घरात पैशाला तोटा नव्हता. १७८९ मध्ये फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, रस्त्यावर दंगे सुरू झाले आणि तेरा वर्षांची सोफी घरात अडकली. वडिलांच्या पुस्तकांत तिला आर्किमिडीजची हकिगत सापडली. भूमितीच्या आकृतीत गढलेल्या त्या म्हाताऱ्याने शत्रूच्या सैनिकाकडे लक्षच दिलं नाही आणि जीव गमावला. ज्याच्यापायी माणूस मरणही विसरतो तो विषय असेल तरी कसा, असं सोफीला वाटलं आणि ती गणिताची झाली.

घरच्यांना हे मुळीच पसंत नव्हतं. रात्री अभ्यास करू नये म्हणून तिच्या खोलीतली शेकोटी विझवायचे, गरम कपडे काढून घ्यायचे. पोरगी मात्र पांघरुणं गुंडाळून, लपवलेल्या मेणबत्तीच्या उजेडात बसायची. दौतीतली शाई गोठायची! शेवटी आईवडीलच हरले. सोफीने लग्न केलं नाही, आणि त्याच वडिलांनी पुढे तिला पैशाची कमी पडू दिली नाही.

१७९४ मध्ये पॅरिसला इकोल पॉलिटेक्निक ही मोठी संस्था निघाली. मुलींना प्रवेश नव्हता. सोफीने तिथल्या टिपणवह्या मिळवल्या आणि लब्लां या विद्यार्थ्याच्या नावाने आपलं लिखाण पाठवलं. ते वाचून प्राध्यापक लाग्रांज चकित झाले. लब्लां म्हणजे एक मुलगी आहे हे कळल्यावरही त्यांनी तिचं कौतुकच केलं.

सोफीचा जीव जडला तो साध्या पूर्ण संख्यांवर. ३ चा वर्ग ९, ४ चा १६, बेरीज २५, म्हणजे ५ चा वर्ग. मग दोन घनांची बेरीज करून तिसरा घन मिळेल का? ८ आणि २७ मिळून ३५, जमलं नाही. वर्गाच्या वरच्या कुठल्याही घाताला हे जमत नाही, असं फर्मा नावाच्या गणितज्ञाने सतराव्या शतकात लिहून ठेवलं होतं, पण सिद्धता दिली नव्हती. त्यानंतर जो तो एकेक घात घेऊन झगडत होता. सोफीने पुष्कळ घातांना एकदम लागू पडेल अशी वाट शोधली. त्यासाठी तिने काही खास मूळ संख्या निवडल्या. ११ घ्या. दुप्पट करून १ मिळवा, २३ येतात. दोन्ही मूळ संख्या. ७ चे मात्र १५ होतात, त्याला ३ ने भाग जातो, म्हणून ७ बाद. अशा खास संख्येचा घात घेतला तर, फर्माच्या समीकरणात बसणारं त्रिकूट असलंच, तरी त्यातल्या एका संख्येला तरी त्या मूळ संख्येने भाग जायलाच हवा, हे तिने दाखवलं.

१८०४ पासून जर्मनीतल्या थोर गाऊसशीही ती लब्लां नावानेच पत्रव्यवहार करत होती. १८०६ मध्ये नेपोलियनच्या फौजा गाऊसच्या गावात शिरल्या. त्याचा आर्किमिडीज होऊ नये म्हणून सोफीने ओळखीच्या सेनापतीला निरोप धाडला. गाऊस सुखरूप राहिला, पण ही सोफी कोण, हे त्याला उमगेना! १८०७ मध्ये तिने खरं सांगितलं, तेव्हा त्याचा आदर दुणावला.

कंप पावणाऱ्या पत्र्यांच्या गणितासाठी फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचं बक्षीस तिने १८१६ मध्ये, तिसऱ्या प्रयत्नात मिळवलं. २७ जून १८३१ रोजी स्तनाच्या कर्करोगाने ती गेली. मृत्यूच्या दाखल्यावर गणितज्ञ असा शब्द नव्हता, मालमत्तेच्या उत्पन्नावर जगणारी बाई एवढीच नोंद होती.

फर्माचं कोडं १९९५ मध्ये अँड्र्यू वाइल्सच्या सिद्धतेने सुटलं. त्या खास संख्यांना मात्र आजही जगभर सोफी जर्मेन मूळ संख्या म्हणतात. आपल्या घरातली लेक गणितात डोकं घालून बसली असेल, तर भाजी निवडायला दहा मिनिटांनी हाक मारली म्हणून काही बिघडत नाही, नाही का?