नागपूरचे रेव्ह. स्टीफन हिस्लॉप आणि दगडातील गोगलगाई

गेल्या पावसाळ्यात पेडणे तालुक्यातील पार्से गावी आम्ही एका स्नेह्यांकडे उतरलो होतो. भातखाचराच्या बांधावर त्यांच्या नातवाने एक गोगलगाय धरून दाखविली, आणि ही समुद्र ओलांडून जाऊ शकेल काय, असे विचारले. खाऱ्या पाण्यात ती मरेल, असे आम्ही सांगितले. मग जगभर गोगलगाई कशा पसरल्या, हा त्याचा पुढचा प्रश्न होता. तेव्हा आम्हांला रेव्ह. हिस्लॉप यांची आठवण झाली. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज पुष्कळांना ठाऊक आहे. पण ज्यांचे नाव त्याला दिले, त्या गृहस्थांनी दगडांत काय शोधले हे आपल्या मंडळ्यांतही थोड्यांनाच माहीत असते.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडातील डन्स या गावी झाला. फ्री चर्चचे मिशनरी म्हणून ते १८४४ च्या अखेरीस मुंबईस आले व १८४५ मध्ये नागपुरास पोहोचले. तेथे भोसल्यांचे राज्य होते. १८४६ साली त्यांनी शाळा काढली. पुढे रेव्ह. रॉबर्ट हंटर हे सहकारी येऊन मिळाले, आणि फिरावयास जाताना दगड न्याहाळण्याचा छंद दोघांना लागला.

१८५१ साली नागपूरच्या पश्चिमेस टाकळीजवळ त्यांना जमिनीवर विखुरलेले शंख आढळले. ते होते दगडाचे, आणि गोड्या पाण्यातील गोगलगाईंचे! त्यांतला मुख्य शंख शास्त्रज्ञांना फायसा प्रिन्सेपी या नावाने आधीच परिचित होता. टोक वर करून धरला तर त्याचे तोंड डाव्या हाताला येते. बहुतेक शंखांचे उजव्या हाताला येते. सीताबर्डीच्या टेकडीतही काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये तसाच तळ्यातल्या गाळाचा पातळ थर त्यांना दिसला. लाव्हा वाहून थिजला, त्यावर तळी साचली, जीव नांदले, आणि पुन्हा लाव्ह्याने सारे झाकून टाकले, असा त्याचा अर्थ आज लावतात. हिस्लॉप यांचा अर्थ निराळा होता. खालचा लाव्हा मागाहून आत घुसला असावा, असे त्यांना वाटे. काळही त्यांनी प्रत्यक्षाहून अलीकडचा धरला. पण प्रत्येक शंख कोठे मिळाला ते त्यांनी इतके नीट लिहून ठेवले की, चूक दुरुस्त करणाऱ्यांना त्याचाच आधार झाला. १८५५ व १८६० साली लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात त्यांचे निबंध छापून आले.

हे थर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. त्या काळी भारत आशियाला जोडलेला नसून, नागपूरची भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती. त्या थरांतील काही जीवांचे आप्त मादागास्करसारख्या दक्षिणेच्या भूमीत, काहींचे उत्तरेच्या युरोप-आशियात सापडतात, तर काही फक्त येथलेच. जमिनीवरील व गोड्या पाण्यातील गोगलगाईला समुद्र अडवितो. म्हणूनच कोणती भूमी कोणाशी कधी जोडलेली होती, हे ठरविताना तिची साक्ष मोलाची. हिस्लॉप यांच्या काळी खंड सरकतात ही कल्पना रूढच नव्हती.

शाळा, उपदेश आणि गोंडांच्या भाषेचा व कथांचा संग्रह, ही सारी कामे चालू असताना हा माणूस हातोडी घेऊन हिंडत असे. मिशनऱ्याने दगडांत वेळ का घालवावा, असे आजही कोणी विचारील. आम्हांला तरी त्यांच्या दिवसात ती दोन कामे वेगळी काढता येत नाहीत.

४ सप्टेंबर १८६३ रोजी ते रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर टाकळघाटजवळची प्राचीन दगडी वर्तुळे पाहावयास गेले. परतताना गावची शाळा तपासण्यासाठी ते मागे राहिले. संध्याकाळी बोरीकडे एकटेच येताना वाटेतला नाला पावसाने फुगला होता. घोडा तेवढा मुक्कामी आला. शोध घेता हिस्लॉप यांचा देह पाण्यात सापडला. शेहेचाळीस वर्षे पुरी व्हावयास चार दिवस उरले होते.

गोंडांविषयीची त्यांची टिपणे टेंपल यांनी १८६६ साली छापून काढली. गोड्या पाण्यातील एका सूक्ष्म प्राण्यास त्यांच्या हयातीतच हिस्लॉपिया हे नाव मिळाले होते. टाकळी आता नागपूर शहरात सामावली आहे.