गाडगेबाबा : एकट्या वाटसरूचे आरोग्य

परतवाड्याहून अमरावतीला जाताना वाटेत वलगाव लागते. तिथल्या पेढी नदीच्या पुलाजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी संत गाडगेबाबांची प्राणज्योत मालवली. प्रकृती खालावल्याने त्यांना मोटारीने अमरावतीकडे नेले जात होते. हयातभर वाट तुडवणाऱ्या या माणसाचा शेवटही वाटेतच झाला.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावचा. दारूपायी वडील लवकर गेले आणि आईने त्यांना मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला माहेरी नेले. तिथे गुरे राखत, शेती करत ते वाढले. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले आणि एकट्याने पायी भटकंती सुरू केली. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा आणि मातीचे गाडगे एवढाच संसार. खायला-प्यायला तेच भांडे.

त्या काळी प्रवाशाचा मोठा शत्रू होता पटकी, म्हणजे कॉलरा. रोग्याच्या विष्ठेतले जंतू पाण्यात मिसळतात आणि त्या पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातात. जुलाब-उलट्यांनी शरीरातले पाणी आणि क्षार झपाट्याने घटतात, काही तासांत जीव जाऊ शकतो. यात्रांमधून ही साथ गावोगावी पसरे. बाबा गावात शिरले की आधी रस्ते आणि गटारे झाडत, रात्री कीर्तनातून स्वच्छता शिकवत. आजाऱ्यासाठी नवस नको, बकरे कापू नका, औषधपाणी करा, असे ते सांगत. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या. १९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. परगावच्या रुग्णाला उपचाराइतकीच निवाऱ्याचीही गरज असते, हे त्यांनी ओळखले होते.

उतारवयात त्यांना मधुमेह जडला, तरी फिरणे थांबले नाही. मधुमेह असताना एकट्याने प्रवास करता येतो, फक्त तयारी लागते. गोळ्या किंवा इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त दिवसांचे घ्यावे आणि सामानात न टाकता जवळच्या पिशवीत ठेवावे. वऱ्हाडच्या उन्हात बंद गाडीत इन्सुलिन खराब होते, थेट बर्फावर ठेवले तरी निकामी होते. फ्रिज नसेल तिथे गाडग्याचाच उपयोग होतो. ओल्या मातीच्या भांड्यातून पाणी झिरपून वाफ होते, ती वाफ उष्णता घेऊन जाते आणि आतला भाग थंड राहतो. इन्सुलिनची कुपी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून त्यात ठेवता येते.

जेवण चुकले आणि साखर उतरली तर घाम येतो, हात थरथरतात, बोलणे अडखळते. बघणाऱ्याला माणूस प्यायलेला वाटतो आणि मदत मिळत नाही. म्हणून खिशात एक चिठ्ठी असावी. तिच्यावर नाव, आजार, चालू औषधे, कशाची ॲलर्जी आहे आणि घरचा नंबर लिहावा. सोबत साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. शुद्धीवर असलेल्याला ते लगेच द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. रोज रात्री तळपाय तपासावेत, कारण मधुमेहात संवेदना कमी होते आणि जखम कळत नाही.

परतवाड्यापुढे सेमाडोह, हरिसालकडे जाताना मोबाइलची रेंज जाते. निघण्यापूर्वी कोणत्या रस्त्याने जाणार आणि किती वाजता पोहोचणार, हे घरी सांगून ठेवावे. वेळेत निरोप आला नाही तर शोध कुठून सुरू करायचा, हे त्यामुळे कळते.

गाडगेबाबांना वाटेत गावोगावी जीव लावणारी माणसे होती. आज एकट्याने निघणाऱ्याला अनोळखी माणसाच्या मदतीवर विसंबावे लागते, आणि त्या माणसाला काय करायचे हे खिशातली चिठ्ठीच सांगते.